कमळपक्ष्यामागच्या टिकल्या

१

"हा फोटो माहा आहे," रविंद्र सुखदेवे म्हणाला, आणि सीताबर्डीतल्या त्या माडीवर हातोडीचे ठोके थांबले.

प्रदर्शन शनिवारी उघडायचं होतं. गुरुवारी दुपारी निसर्ग छायाचित्र मंडळाची माणसं भिंतीत खिळे ठोकत होती, फ्रेमा सरळ करत होती आणि चहा कुणी सांगायचा यावरून वाद घालत होती. पहिल्या बक्षिसाचा फोटो मधोमध लागला होता, चांगला हातभर रुंद. तळ्यातल्या पानांवर उभा कमळपक्षी, पंख जरासे फुगवलेले, आणि त्या पंखांखालून पिल्लांचे लांबच लांब पाय लोंबताहेत. या पक्ष्यात पिल्लं बाप वाढवतो आणि धोका दिसला की त्यांना काखेत उचलून चालू लागतो. ऐकलं सगळ्यांनी होतं, फोटोत धरलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. मागे पाण्यावर उन्हाच्या शेकडो टिकल्या चमकत होत्या. खाली चिठ्ठी होती: भैय्याजी पौनीकर.

भैय्याजी म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. खालचं कापडाचं दुकान त्यांचं, वरची माडी त्यांची, माडीमागची डार्करूमही त्यांचीच. त्यांच्या फोटोवर हक्क सांगणं म्हणजे यजमानाच्या पंगतीत बसून त्याचंच ताट ओढण्यासारखं झालं.

"तुझा रोल तर अख्खा पुसट आला," डार्करूम सांभाळणारे कृष्णकांत दाणी म्हणाले. "मीच धुतला ना? त्या भंगार लेन्समधून दुसरं काय निघणार?"

"रोल पुसट आला हे खरं आहे जी," रविंद्र म्हणाला. "पण हे डावीकडचं मुडपलेलं पान फोटोत यावं म्हणून मी मुद्दाम सरकलो होतो. माह्या हातानं काढलेलं मले वळखू येत नाही काय?"

"मी त्याच्या बाजूलेच बसलो होतो," भैय्याजी दुखावल्या आवाजात म्हणाले. "माहाही कॅमेरा त्याच टायमाले वाजला. मी काहून चोरू, गा?"

कुणीतरी मागून म्हणालं, असल्यांना मंडळात घेतलं हीच चूक. 'असल्यांना' म्हणजे कसल्यांना ते बोलणाऱ्यानं सांगितलं नाही आणि ऐकणाऱ्यांना विचारावं लागलं नाही. रविंद्रचा चेहरा तेवढा ताठ झाला.

"ज्यानं हे म्हटलं त्यानं पुढं येऊन म्हणावं," एका बाईचा आवाज आला. पुढे कुणी आलं नाही.

तो आवाज डॉक्टर सिंधूताई पांढरीपांड्यांचा. धंतोलीत डोळ्यांचा दवाखाना, पाखरं बघण्याचं वेड, आणि मंडळात एकट्या त्यांच्याकडेच कॅमेरा नाही. म्हणूनच दरवर्षी परीक्षक त्या. स्पर्धेला फोटो बिननावाचे येत, आणि या फोटोला पहिला नंबर त्यांनीच दिला होता. आता तो चुकीच्या माणसाला गेला असेल तर ती चूक त्यांच्या पदरात होती, आणि चूक पदरात घेऊन हिंडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शिवाय गोष्ट नुसत्या बक्षिसाची नव्हती. वनखात्याचे एक साहेब शनिवारी येणार होते. खात्याला जंगलात राहून फोटो काढणारा माणूस हवा होता, आणि पहिल्या बक्षिसाचा फोटो बघूनच ते ठरवणार होते. भैय्याजींना नोकरी नको होती, पण रविंद्रला हवी होती. तो खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या वखारीवर होता. त्याच्या उजव्या डोळ्यातून सिंधूताईंनी कितीदा तरी कोळशाचा कण काढला होता, आणि मागच्या वेळी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी एखादा खोल गेला तर डोळ्यावर कायमचा डाग पडेल.

"साहेब यायच्या आत फोटो कुणाचा ते मी सांगते," सिंधूताई म्हणाल्या.

"आणि नाही सांगता आलं तर?" कृष्णकांतांनी विचारलं.

"तर रविंद्र सगळ्यांसमोर भैय्याजींची माफी मागेल आणि मंडळ सोडेल."

हे त्यांनी रविंद्रला न विचारताच सांगून टाकलं. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

२

माणसं पांगल्यावर सिंधूताईंनी त्याला खुर्चीवर बसवलं. "आता पहिल्यापासून सांग."

"सप्टेंबरातला आयतवार होता. भैय्याजींनी मले अन् आपल्या मंडळातल्या प्रेमलताबाईले जीपमधी नेलं, सावनेरच्या रस्त्यावरच्या तळ्यावर. मी अन् भैय्याजी एका झुडपाआड, बाई मांगं चित्र काढत बसल्या होत्या. आल्यावर कृष्णकांत भाऊंनी दोघांचे रोल एकाच डब्यात धुतले. औषध वाचते म्हणून इथं नेहमी तसंच करतात. मंग वाळाले टांगले. भैय्याजींच्या रोलाले पितळी चिमटा, माह्या रोलाले लाकडी, कपड्याचा. वळखाची खूण तेवढीच."

"आणि कापून पाकिटात कुणी भरले?"

"प्रेमलताबाईंनी, दुसऱ्या दिवशी."

सिंधूताईंनी त्याची लेन्स मागितली. त्यानं ती जुन्या गोधडीच्या पिशवीतून काढली. पिशवी त्याच्या बायकोनं, जयवंतानं शिवली होती, आत कापूस घालून. लेन्स हातभर लांब, रंग उडालेली, पुढच्या काचेवर एक ओरखडा. बदली होऊन गेलेल्या कुण्या रेल्वेसाहेबाची, सीताबर्डीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात पडून होती. रविंद्रनं ती गेल्या उन्हाळ्यात उचलली.

"हिचं सगळं हातानं करा लागते जी," तो म्हणाला. लेन्सबद्दल बोलताना त्याचा आवाज मोकळा झाला. "आत काळी पाती आहेत, आपल्या डोळ्याच्या बुबुळावानी. पहिले पाती पूर्ण उघडी ठेवाची, पक्षी साफ पाहून घ्याचा. मंग हे कडं फिरवून बाहुली बारीक कराची अन् तवाच बटन दाबाचं. दुकानदार म्हणे, उघडीच ठेवली तं फोटो लोण्यावानी मऊ येते. भैय्याजींची नवीन जर्मन आपलीआपण बारीक होते."

"हिनं काढलेला मोठा फोटो तू कधी पाहिलास?"

"कवा पाहणार? तळ्यावरचा तो पयलाच रोल. अन् तो असा निघाला." त्यानं खिशातून पाकीट काढलं. "मी तं लेन्स परत देऊन टाकणार होतो. जयवंता म्हणे, राहू द्या, पिशवी शिवली ना आता."

सिंधूताईंनी निगेटिव्ह खिडकीशी धरली आणि डोळे तपासायचं भिंग लावलं. पक्षी नुसता ढग. पण पाण्यावरच्या टिकल्या ढगातही दिसत होत्या, आणि त्यांना कोन होते. त्यांनी नीट पाहून घेतलं. एकेका टिकलीला सहा कोन.

मग त्या भिंग घेऊन भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे गेल्या. कमळपक्षी असा साफ की पिसांच्या कडा मोजाव्यात. मागच्या टिकल्या मात्र षटकोनी नव्हत्या. गोल होत्या, आणि प्रत्येकीला एकाच बाजूला बारीकशी वाढ होती. एकही टिकली त्यातून सुटली नव्हती.

सिंधूताईंनी भिंग खाली घेतलं. हा आकार त्या रोज दवाखान्यात बघत होत्या. मोतीबिंदू काढताना बुबुळाचा एक तुकडा वरून कापावा लागतो. मग बाहुली पुरती गोल राहत नाही, कुलपाच्या भोकासारखी होते.

"काय दिसलं जी?" रविंद्रनं विचारलं.

"सांगेन," त्या म्हणाल्या. "तोवर हे कुणापाशीही बोलू नकोस. मी तुलाही काही सांगितलेलं नाही."

३

शुक्रवारी सकाळी त्या खाली दुकानात गेल्या. भैय्याजी गादीवर बसले होते.

"या, ताई. हा राखाडी रंग शोभून राहिला तुमाले."

सिंधूताईंचं लुगडं आभाळी निळं होतं. जन्मभर कापड विकलेला माणूस. त्या समोर बसल्या.

"निगेटिव्ह तुम्ही पाहिली होती?"

"मी नाही पाहत. त्या औषधाच्या वासानं माहं डोकं चढते. कृष्णकांत धुतो, तोच छापतो, तोच सांगतो कोणता बरा आहे ते. यंदा मी त्याले म्हटलं होतं, बस झालं गा. पाच साल झाले, एक फोटो धड नाही. माडी गोदामाले देऊन टाकतो. तं हा फोटो निघाला." त्यांचा आवाज एकदम कोवळा झाला. "ताई, लहान पोरावानी खूश झालो मी. रविंद्र खोटं बोलणारा पोरगा नाही, मले ठाव आहे. पण मीही चोर नाही ना."

तिथून त्या प्रेमलता डोंगरेंकडे गेल्या. प्रेमलताबाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत. वनखात्याच्या नोकरीसाठी अर्ज त्यांनीही केला होता, आणि हे त्यांनी सिंधूताईंनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"रोल मीच कापले. पितळी चिमट्याचा साफ होता, लाकडी चिमट्याचा पुसट. रविंद्रचा पुसट आलेला बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण चिमट्यांना मी हात लावला नाही. जो जिथे होता तिथेच होता."

"टांगले कुणी?"

"कृष्णकांतांनी. अंधारात चुकून अदलाबदल झाली असेल का, असं माझ्या मनात आलं होतं."

चुकून. हा एक सोपा शब्द सगळ्यांनाच वाचवू शकत होता, आणि सिंधूताईही तो पटवून घ्यायला तयार होत्या. पण पटवून घेण्याआधी त्या कृष्णकांतांकडे गेल्या.

कृष्णकांत दाणी दिवसा एका कचेरीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात या काळोख्या खोलीचे राजे. बाटल्यांवर सुबक अक्षरात चिठ्ठ्या, धुतलेल्या थाळ्या उपड्या घातलेल्या.

"अदलाबदल? माझ्या हातून? ताई, पंधरा वर्षं मी हे करतोय." ते हसले. "त्या लेन्सची भैय्याजींच्या लेन्सशी बरोबरी तरी आहे का?"

"ते बघूनच घेऊ या," सिंधूताई म्हणाल्या. "उद्या सकाळी फुटाळा तलावावर दोन्ही लेन्सनं पाण्याचा फोटो काढायचा. समोर काठावरचं काहीतरी साफ धरायचं, मागे पाणी. मला काय बघायचंय ते नंतर सांगते."

"काढायचा कुणी?"

"तुम्हीच काढा. तुमच्याइतकं कुणाला येतं?"

रविंद्र तेव्हा दारात उभा होता. चोरीचा संशय ज्याच्यावर जाऊ शकतो त्याच्याच हातात आपली लेन्स जाणार म्हणून त्यानं पिशवी आणखी जवळ ओढली. मग ती पुढे केली. "पाहून घेतल्यावर कडं फिरवून बारीक करा जी. उघडं ठेवलं तं मऊ येते."

"मला शिकवतोस होय?" कृष्णकांत म्हणाले आणि पिशवी घेतली.

४

शनिवारी दुपारी माडी भरली होती. साहेब यायचे होते. रविंद्र धुतलेला पांढरा सदरा घालून आला होता, सोबत जयवंता. ती दाराजवळच उभी राहिली आणि भिंतीवरचा फोटो बघत राहिली.

कृष्णकांतांनी दोन ताजे फोटो टेबलावर ठेवले. दोन्हींत तलावाकाठची तीच गवताची काडी, मागे तेच पाणी. प्रेमलताबाई तलावावर सोबत होत्या. दोन्ही लेन्समधून एकेक फोटो आपल्यासमोरच काढला, असं त्यांनी सांगितलं.

सिंधूताई वाकल्या. भैय्याजींच्या लेन्सच्या टिकल्या षटकोनी.

रविंद्रच्या लेन्सच्या टिकल्या गोल. पुरत्या गोल. वाढ नाही, कुलपाचं भोक नाही, काही नाही.

त्यांनी पुन्हा पाहिलं. रविंद्र त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याला तिथे जे हवं होतं ते दिसेना. जयवंतानं पदराचं टोक मुठीत धरलं.

"बघा ताई," कृष्णकांत पुढे आले. "याच्या लेन्सच्या टिकल्या पूर्ण गोल. बक्षिसाच्या फोटोत तशा आहेत का? नाहीत. त्यांना कोपरा आहे. भैय्याजींच्यालाही कोपरे आहेत, पाणी हललं म्हणून थोडे इकडेतिकडे. म्हणजे फोटो भैय्याजींचाच."

"मंग माफी मागा लागते," रविंद्र हळू म्हणाला. तो भैय्याजींकडे वळला आणि त्यानं हात जोडायला उचलले.

"खाली घे हात," सिंधूताई म्हणाल्या.

५

त्यांनी रविंद्रची लेन्स उचलली आणि खिडकीपाशी नेली.

"भैय्याजी, प्रेमलताबाई, इकडे या. जयवंता, तूही ये. या नळीतून उजेडाकडे बघा. आता काय दिसतं?"

"गोल," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"पाती पूर्ण उघडी आहेत म्हणून. मी रोग्याच्या डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करते तेव्हा काही खोडी दिसतात आणि काही लपतात. म्हणून मी डोळा दोन्ही वेळा बघते, औषध घालायच्या आधी आणि नंतर. आता बघा."

त्यांनी कडं फिरवलं. आतली काळी पाती सरकत जवळ आली, उजेडाचं भोक लहान झालं, आणि त्याच्या एका बाजूला बारीकशी वाढ उगवली.

"एक पातं तुटकं आहे जी," जयवंता म्हणाली. सगळ्यांत आधी तिलाच दिसलं. मग तिनं भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि बाकीच्यांनीही.

"ही लेन्स बारीक केली की प्रत्येक टिकली अशी येते. बक्षिसाचा फोटो हिचाच. आणि रविंद्रला जो पुसट रोल मिळाला त्यात टिकल्या षटकोनी आहेत, भैय्याजींच्या लेन्सच्या. माझ्याकडे आहे, कुणीही बघा. रोल बदलले, यात आता शंका नाही. प्रश्न उरला एवढाच, की चुकून की मुद्दाम."

"चुकूनच," कृष्णकांत म्हणाले. "अंधारात चिमटे..."

"मीही तसंच म्हणणार होते. पण काल रविंद्रनं माझ्यासमोर तुम्हाला सांगितलं, कडं बारीक करा, उघडं ठेवलं तर फोटो मऊ येतो. हा फोटो बघा. काडी लोण्यासारखी मऊ आलीय. तुम्ही कडं उघडंच ठेवलंत. पंधरा वर्षांचा जाणता माणूस हे विसरत नाही."

कृष्णकांतांनी तो फोटो टेबलावर उपडा घातला.

"तुटकं पातं लपवायचं तर ते तुटकं आहे हे आधी ठाऊक हवं. रविंद्रला ठाऊक नव्हतं, त्यानं मोठा फोटो पाहिलाच नव्हता. भैय्याजी डार्करूममध्ये पाऊल टाकत नाहीत. प्रेमलताबाईंनी रोल कापले, पण बोटाएवढ्या निगेटिव्हमध्ये ही वाढ साध्या डोळ्याला दिसत नाही. हा फोटो मोठा करून छापला एकाच माणसानं. आणि मी टिकल्या बघणार आहे हे कुणालाही सांगितलं नव्हतं, रविंद्रलासुद्धा नाही. मघाशी टेबलापाशी टिकल्यांचं नाव पहिलं कुणी काढलं?"

कृष्णकांतांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

"भैय्याजी माडी गोदामाला देणार होते," ते म्हणाले. "ही खोली गेली असती. त्यांचा एक फोटो चांगला निघाला असता तर त्यांनी तो बेत सोडला असता, म्हणून चिमटे बदलले. तेव्हा तो पहिला येईल, त्यावर कुणाची नोकरी ठरेल, हे काही ठाऊक नव्हतं. नंतर मागे फिरता येईना. रविंद्र तरुण आहे, मला वाटलं, काढेल दुसरा."

"कोणत्या डोळ्यानं काढू जी?" रविंद्रनं विचारलं.

तो ओरडला नाही, पण हे वाक्य ऐकून कृष्णकांतांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सिंधूताईंना त्यांची कीव आली, आणि रागही तेवढाच आला. कुणाला तरी राखायला म्हणून केलेली गोष्ट नेहमी तिसऱ्याच्या गळ्याशी कशी येते, हे त्यांना कधी समजलं नव्हतं.

भैय्याजींनी पुढे होऊन फ्रेमखालची आपल्या नावाची चिठ्ठी काढली. "प्रेमलताबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. रविंद्र सुखदेवे असं लिवा, मोठ्या अक्षरात. अन् माडी कुठं जात नाही. किल्ली तेवढी आजपासून तुमच्यापाशी राहू द्या." कृष्णकांतांकडे त्यांनी पाहिलं नाही. "तू मले सरळ म्हणाचं होतं गा, माडी देऊ नका म्हणून. मी नाही म्हटलं असतं काय?"

खाली जीप थांबल्याचा आवाज आला. साहेब वर आले, सरळ त्या फोटोसमोर गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मग त्यांनी विचारलं की हे कोणत्या लेन्सनं काढलं. रविंद्रनं गोधडीची पिशवी पुढे केली. साहेब लेन्स हातात घेऊन उलटसुलट बघत होते आणि रविंद्र त्यांना कडं कसं फिरवायचं ते दाखवत होता. "एक तारखेला रुजू होता येईल का?" एवढं जयवंताला खिडकीपाशी ऐकू आलं आणि ती रविंद्रच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

भैय्याजी मात्र अजून फोटोसमोरच उभे होते, नाक काचेला लागेल इतके जवळ.

"ताई," ते हळूच म्हणाले, "पिल्लांचे पाय किती आहेत याच्यात?"

सिंधूताई त्यांच्याजवळ गेल्या. या माणसाला ज्या फोटोचा एवढा अभिमान होता तो त्याला दिसलाच नव्हता.

"कॅमेऱ्याला लावता त्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरता पिकलाय, भैय्याजी, म्हणून तर तुमचे फोटो पुसट येतात. वर्षभर मागे लागलेय मी. माझं लुगडं निळं आहे."

"ऑपरेशन केलं तं माही बाहुलीही त्या लेन्सवानी तुटकी होईल म्हणता?"

"होईल. वरच्या बाजूला."

"अन् मंग दिसेल?"

सिंधूताईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "तुटक्या बाहुलीतून काय दिसतं ते तुमच्यासमोरच आहे."

भैय्याजी कमळपक्ष्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काचेवरून हलकेच बोट फिरवलं, जिथे पाय असावेत असं त्यांना वाटलं तिथून.

"सोमवारी येतो दवाखान्यात," ते म्हणाले. "किती पाय आहेत ते सांगू नका. मीच मोजतो."